फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही

माझ्या भाचीने इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडी सोडवायला घेतली आहेत. म्हणजे खरं तर रोज रात्री मला फोन करून भांडायला घेतलं आहे. "मावशी, हे चक्क चीटिंग आहे. 'फ्लॉवर' म्हणजे नदी कशी काय?" मी सांगते, "अगं, जी 'फ्लो' होते ती फ्लो-अर. वाहणारी." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "हे कुणी ठरवलं?"

हा दुसरा प्रश्न मला फार आवडला. कारण हे खरोखरच कुणीतरी ठरवलेलं आहे. कुणी, कधी, कुणाशी भांडून, हे सगळं माहीत आहे. आणि नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा ते नियम कुठून आले हे कळलं तर कोडी लवकर सुटायला लागतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा हा लेख तिच्यासाठी, आणि शब्दकोडं म्हणजे दुपारच्या झोपेआधीचं औषध असं ज्यांना वाटतं त्या आपल्या बाकीच्या मंडळींसाठीही.

साधं शब्दकोडं तुमची माहिती तपासतं. 'विष्णूचं एक नाव, तीन अक्षरी.' केशव लिहून बघा, नाही बसलं तर माधव. क्रिप्टिक क्लूचं तसं नसतं. त्यात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एका टोकाला त्या शब्दाचा सरळ अर्थ, आणि उरलेल्या भागात तो शब्द अक्षरं मोडून-जोडून कसा बनवायचा याची कृती. हे दोन्ही शिवून एक साळसूद वाक्य तयार केलेलं असतं, आणि शिवण कुठे आहे ते दिसू द्यायचं नसतं. इंग्रजी अक्षरांचे खेळ देवनागरीत दाखवणं अवघड, म्हणून मी घरच्या घरी काही मराठी क्लू पाडले आहेत. हा बघा:

वडा परतल्यावर वाढायला घेतात ते (२)

वाचताना डोळ्यांसमोर कढई येते. तीच तर फसवणूक. 'परतणे' म्हणजे कढईत परतणे, तसंच मागे फिरणेही. 'वडा' हा शब्द मागे फिरवा: डाव. आणि आमटी वाढायला आपण घेतो तो डावच. (ज्यांच्याकडे त्याला ओगराळं म्हणतात त्यांनी सांभाळून घ्यावं.) कंसातला आकडा म्हणजे अक्षरं किती. आता पुन्हा एकदा वाक्य वाचा. त्यात एकही शब्द खोटा नाही, एकही जास्तीचा नाही. तुम्ही वड्याची कल्पना केलीत ती तुमची तुम्ही केलीत.

आणखी एक. 'वेडंवाकडं लावलेलं कमल, कोकणात याला आंबे येतात (३).' 'वेडंवाकडं लावलेलं' ही खूण आहे: पुढच्या शब्दातली अक्षरं विस्कटा. क, म, ल. कलम. कोड्यांमध्ये विस्कटण्याची सूचना अशीच कुठल्या तरी निरुपद्रवी शब्दात दडलेली असते. बिघडलेला, दारू प्यायलेला, नाचणारा, दुरुस्त केलेला, काहीही. इंग्रजीत 'ऑर्केस्ट्रा'ची अक्षरं विस्कटली तर 'कार्टहॉर्स' होतो, गाडीचा घोडा. हे ज्याला पहिल्यांदा दिसलं असेल त्याला त्या दिवशी जेवण गेलं नसेल.

आता 'कुणी ठरवलं' याकडे वळू.

शब्दकोडं जन्माला आलं अमेरिकेत. २१ डिसेंबर १९१३च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या माणसाने पतंगाच्या आकाराचं एक कोडं छापलं. नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. पुढे छपाईत शब्दांची उलटापालट झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हेच नाव चिकटलं. १९२४ साली त्याची साथ पसरली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तेव्हा हा वेळेचा पापी अपव्यय असल्याचं ठणकावून सांगितलं होतं. त्याच पेपरने १९४२ साली स्वतःचं शब्दकोडं सुरू केलं. असो.

पण हे सगळं साध्या शब्दकोड्याचं झालं. ते इंग्लंडला पोचलं आणि तिथे त्याला वाकडं वळण लागलं. वळण लावणारा मुख्य माणूस एडवर्ड पॉईस मॅथर्स. १९२६ पासून तो 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पेपरात कोडी द्यायला लागला आणि त्याने टोपणनाव घेतलं तोर्केमादा. स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली माणसांचे हाल करणाऱ्या न्यायासनाचा हा मुख्य. त्यावरून वाचकांनी काय ते समजावं.

या मॅथर्सचा आपल्याशी एक संबंध आहे, आणि तो कळला तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. बिल्हणाची 'चौरपंचाशिका' आपल्याला निदान ऐकून माहीत असते. राजकन्येवर प्रेम केलं म्हणून मृत्यूची शिक्षा झालेल्या कवीने म्हटलेले पन्नास श्लोक, अशी त्याची आख्यायिका. त्या काव्याचं 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' या नावाने १९१९ साली जे स्वैर इंग्रजी रूप निघालं, ते याच मॅथर्सचं. म्हणजे क्रिप्टिक कोड्याचा आद्य छळवादी आधी एका काश्मिरी संस्कृत कवीचा भाषांतरकार होता. बिल्हणाने अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी आश्रय घेतला होता, म्हणजे आपल्या सोलापूरपासून फार लांब नाही. मला यात योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. संस्कृत काव्याच्या नादी लागलेल्या माणसाला एका शब्दात दोन अर्थ बसवायची चटक लागणारच.

तोर्केमादाने साधे क्लू हद्दपार केले. सगळं आडवळणाचं. पण त्याच्याकडे कायदा नव्हता. उत्तर सापडल्यावरही ते का बरोबर आहे हे कळेलच असं नाही. कधी एखाद्या कवितेचा अर्धवट संदर्भ, कधी नुसता इशारा. विद्वान माणसाने विद्वान मित्रांशी खेळावं तसा तो खेळ होता. त्याची हौस किती टोकाची होती बघा: १९३४ साली त्याने शंभर पानांची एक रहस्यकथा छापली, पानं मुद्दाम चुकीच्या क्रमाने लावून. वाचकाने क्रम लावायचा आणि खुनी शोधायचे. भाचीचा 'चीटिंग'चा आरोप त्याच्या कोड्यांवर केला असता तर मी वकीलपत्र घेतलं नसतं.

कायदा आणला दोन मास्तरांनी. पहिले ॲलिस्टर फर्ग्युसन रिची, वेल्सच्या कॅथेड्रल शाळेचे मुख्याध्यापक. टोपणनाव अफ्रित. हे एका अरबी पिशाच्चाचं नाव, पण 'ए', 'एफ' आणि रिचीचा 'रिट' जोडूनही तेच होतं. म्हणजे नावातच क्लू. त्यांनी १९४९ साली एका छोट्या पुस्तकात नियम सांगितला. माझ्या शब्दांत त्याचा अर्थ असा: कोडं घालणाऱ्याच्या वाक्याचा वरवरचा अर्थ त्याला अभिप्रेत नसला तरी चालेल, पण जे त्याला अभिप्रेत आहे ते त्या वाक्यात शब्दशः असलंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका.

दुसरे डेरिक सॉमरसेट मॅकनट, ग्रीक-लॅटिन शिकवणारे. १९३९ साली तोर्केमादा वारला तेव्हा त्याच्या जागी हे आले आणि टोपणनाव घेतलं झिमेनीझ. हाही स्पेनचा धर्मन्यायाधीशच. त्यांनी १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोडी दिली आणि १९६६ साली पुस्तक लिहून अफ्रितच्या एका वाक्याची संहिता केली. (त्यांच्यानंतर आलेल्या जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' हे नाव घेतलं. इंग्रजीत ते उलटं वाचा: देझा. तिसरा धर्मन्यायाधीश! शिवाय 'ए टू झेड' ते वेगळंच.)

झिमेनीझच्या संहितेचा गाभा असा की क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, शब्द बनवायची प्रामाणिक कृती हवी, आणि तिसरं काही नको. ते 'तिसरं काही नको' फार महत्त्वाचं आहे. समजा मी असा क्लू दिला: 'दिवसानंतर पहिला सूर, वाडवडिलांकडून मिळालेला (३).' दिवस म्हणजे वार. पहिला सूर सा. वारसा. झिमेनीझ खूश. आता मला वाक्य जरा गोड करायचा मोह झाला आणि मी लिहिलं, 'दिवसानंतर पहिला सुंदर सूर, वाडवडिलांकडून मिळालेला.' झिमेनीझ लगेच विचारणार, 'सुंदर'चं काय करू? तो ना अर्थात आहे ना कृतीत. काढा.

सोडवणाऱ्याला याचा फायदा केवढा आहे ते लक्षात घ्या. क्लूमधला प्रत्येक शब्द कामाचा आहे हे एकदा कळलं, की जो शब्द उगाच आल्यासारखा वाटतो तोच मुख्य आरोपी. आणि दुसरं, अर्थ नेहमी वाक्याच्या एका टोकाला असणार, सुरुवातीला नाहीतर शेवटी. मधे कधीच नाही. माझे बाबा डोंबिवलीहून व्हीटीला जाताना लोकलमध्ये कोडं सोडवायचे. चौथ्या सीटवर पेन्सिल चालवायला जागा नसे, मग सगळं तोंडी. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसत असे. त्यांनी मला एकाही क्लूचं उत्तर सांगितलं नाही. फक्त विचारायचे, "डोकं कुठंय, शेपटी कुठंय?" झिमेनीझचं पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं हे मी खात्रीने सांगते, पण विचारत होते ते त्यातलंच.

भाचीची पुढची तक्रार पाठांतराची. ती रास्त आहे. इंग्रजी कोड्यात छोट्या शब्दांचे ठरलेले तुकडे असतात आणि ते समजायला १९३० सालच्या लंडनमधल्या एखाद्या क्लबात जाऊन बसावं लागतं. तिथे सैनिक आहेत, खलाशी आहेत, पाद्री, चित्रकार आणि अर्थातच क्रिकेट. 'डक' म्हणजे बदक नव्हे, फलंदाजाचं शून्य, म्हणून 'ओ' हे अक्षर. 'मेडन' म्हणजे कुमारिका नव्हे, धावफलकावरचा 'एम'. 'गनर्स' म्हणजे रॉयल आर्टिलरी, म्हणून 'आरए'. 'पेंटर' म्हणजेही 'आरए', कारण रॉयल ॲकॅडमी. 'सिटी' म्हणजे 'ईसी', कारण लंडनच्या जुन्या सिटी भागाचा टपाल विभाग ईस्ट सेंट्रल. 'सॉफ्ट' म्हणजे 'पी', कारण संगीताच्या लिपीत हळू वाजवा हे सांगायला 'पी' लिहितात. आणि 'सेक्स अपील' म्हणजे 'आयटी'! १९२७ साली क्लारा बोचा 'इट' नावाचा सिनेमा आला होता, तेव्हाची ही बोली. बोलण्यातून ती कधीच गेली, कोड्यांत उरली. आपल्या घरातली निम्मी मुलं आयटीत आहेत, त्यांना ही व्युत्पत्ती कळवावी असं मनात आहे.

आपलीही थोडी वर्णी त्यात लागते. राणी, साडी, तूप, आया, डाळ हे शब्द त्यांच्या चौकटीत छान बसतात. 'इंडियन ब्रेड' दिसला तर नान लिहायची घाई करू नये. 'ब्रेड' म्हणजे पैसा, तेव्हा तो रुपया असू शकतो. गोवा तर इंग्रजीत तीनच अक्षरांचा. 'गो' म्हणजे जा, पुढे 'ए' म्हणजे एक. जा एकदा, पोचलात गोव्याला.

युद्धकाळातल्या दोन गोष्टी या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण सांगतो. १९४२च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'ने लोकांना कचेरीत बोलावून बारा मिनिटांत कोडं सोडवायची पैज लावली, आणि नंतर त्यातल्या काहींना युद्धखात्याचं बोलावणं आलं. स्टॅनली सेजविक त्यातून ब्लेचली पार्कला, जर्मन सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्रात पोचले. दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक. १९४४च्या मे महिन्यात, नॉर्मंडीच्या चढाईच्या तोंडावर, त्याच पेपरच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि १ जूनला नेपच्यून हे शब्द उत्तरं म्हणून आले. सगळेच्या सगळे त्या मोहिमेचे गुप्त शब्द! कोडी करणारे लेनर्ड डॉ हे मुख्याध्यापक (पुन्हा मास्तरच). गुप्तहेर खात्याचे लोक त्यांच्या दारात उभे राहिले. चौकशीत काही निघालं नाही.

चाळीस वर्षांनी, १९८४ साली, रोनाल्ड फ्रेंच नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की रिकाम्या चौकटी भरायला सर मुलांना शब्द सुचवायला सांगत आणि क्लू नंतर स्वतः लिहीत. शाळा तेव्हा लंडनबाहेर हलवलेली होती, जवळच सैन्याच्या छावण्या होत्या, मुलं तिथे हुंदडायची आणि कानावर पडलेले शब्द चौकटीत टाकायची. हे सगळ्यांनाच पटलेलं नाही. मला मात्र एवढं दिसतं की यातून नव्या माणसाला एक उपयोगी गोष्ट कळते. चौकट आधी भरली जाते, क्लू मागून येतो. म्हणजे कोपऱ्यात एखादा विचित्र शब्द आला तर समजावं की कोडं करणाऱ्याला तिथे दुसरं काही बसलंच नाही. तोही आपल्यासारखाच अडला होता.

भारतात हा नाद 'हिंदू'च्या वाचकांनी सगळ्यात प्रेमाने जपला. १९७१ पासून तिथे कोडी देणारे गृहस्थ होते रामदास कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख! निवृत्तीनंतर त्यांनी हे काम घेतलं आणि १९८३ मध्ये निधन होईपर्यंत केलं. खलाशी म्हणजे 'टार' हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

मराठीत हौशी मंडळी अधूनमधून असे प्रयोग करतात, पण रोजच्या पेपरात मला तरी ते भेटलेलं नाही. एक अडचण लिपीची. आपल्या चौकटीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट. त्यामुळे विस्कटायला हाताशी फारच थोडं उरतं. 'नवरा' विस्कटून 'वानर' करायची इच्छा अनेकींना होईल, पण 'नवरा'त 'रा' आहे आणि 'वानर'ला 'वा' हवा. काना सुटा करून दुसरीकडे लावायला परवानगी दिली तरच हे जमतं. द्यावी का? झिमेनीझने नाही म्हटलं असतं. मी दिली आहे. दुसरी अडचण, आपण लिहितो तसं बोलतो, त्यामुळे ऐकायला सारखे पण लिहायला वेगळे असे शब्द फारसे नाहीत. दिन आणि दीन, संपलं.

पण वृत्ती आपल्याकडे नव्हती असं कुणी म्हणू नये. चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका आहे, म्हणजे कोडी घालणं. ज्या श्लोकाचं उत्तर श्लोकाच्या अक्षरांतच दडलेलं असतं त्याला अंतर्लापिका म्हणतात. इंग्रजी कोड्यातला 'लपलेला शब्द' हाच प्रकार. 'दुकानदाराने दडवलेला अवयव (२)' असं मी विचारलं तर दुकानदाराच्या पोटात कान सापडेल. आणि कूटश्लोक तर थेट क्रिप्टिकच. एक प्रसिद्ध श्लोक आहे, त्यात केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला असं वाटतं. प्रत्यक्षात 'केशव' तोडायचा: 'के' म्हणजे पाण्यात, 'शव' म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा. नदीत प्रेत पडलं आणि कावळा खूश झाला. तीन अक्षरी विष्णूचं असंही होतं.

या खेळात ज्याच्यापुढे मी मनापासून हात जोडते तो माणूस झिमेनीझच्या कायद्यात पूर्ण बसत नाही. रेव्हरंड जॉन ग्रॅहम, टोपणनाव अरोकेरिया. जन्म १९२१, पेशाने पाद्री. 'गार्डियन'मध्ये त्याचं पहिलं कोडं १९५८ सालचं. तिथे तेव्हा टोपणनावं छापत नसत, ती १९७०मध्ये आली. अरोकेरिया हे झाडाचं नाव. त्याच्या कुळातली झाडं आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून कुंड्यांत दिसतात. इंग्रजीत त्या झाडाला 'मंकी पझल' म्हणतात, म्हणजे नावात 'पझल' आहेच. पुढे घटस्फोट झाला, चर्चमधलं काम सुटलं आणि कोड्यांवर घर चालवायची वेळ आली. त्याचं सोनं त्याने केलं.

त्याचा एक क्लू दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यात 'चेस्ट लॉर्ड आर्चर व्हेजिटेटिंग' असे शब्द होते. सच्छील लॉर्ड आर्चर निवांत पडून आहेत! जेफ्री आर्चर या लेखक-राजकारण्याच्या भानगडी ठाऊक असलेला वाचक तिथेच हसणार. ती सव्वीस अक्षरं विस्कटली की होतं 'द ओल्ड व्हिकरेज, ग्रँचेस्टर': रुपर्ट ब्रुकच्या कवितेचं नाव, आणि याच आर्चरच्या घराचं. कायदेपंडितांना अरोकेरियाचे काही क्लू सैल वाटत. पण अफ्रितचा करार त्याने मोडला असं मला वाटत नाही. वाक्यात जे आहे म्हणायचा ते असायचंच.

जानेवारी २०१३. 'गार्डियन'मध्ये त्याचं २५,८४२ क्रमांकाचं कोडं छापून आलं. वर एक छोटी सूचना होती, अरोकेरियाला काय झालं आहे आणि त्यावर काय उपचार चालू आहेत हे सांगणारी. पण महत्त्वाच्या शब्दांच्या जागी नुसते आकडे, चौकटीतले क्रमांक. ते क्लू सोडवल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं. लोक नेहमीप्रमाणे चहा घेऊन बसले. एक उत्तर आलं कॅन्सर. दुसरं, अन्ननलिका. मग दोन शब्दांत, पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे बरं करण्यासाठी नाही, त्रास कमी करण्यासाठी. तो एक्क्याण्णव वर्षांचा होता.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. आपल्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नाही. बाबांच्या वेळी आमच्या घरात 'रिपोर्ट चांगला नाही' यापलीकडे कुणी गेलं नाही. त्यांच्यासमोर तर नाहीच. मला खात्री आहे की त्यांना कळलं होतं, कारण ज्या वाक्यात एक शब्द गाळलेला आहे ते वाक्य त्यांना दिसलं नसेल हे शक्य नाही. आम्ही खोटं बोललो नाही, पण करारही पाळला नाही. आम्ही त्यांना सोडवायला काही दिलंच नाही.

अरोकेरियाने ते दिलं. पन्नासहून जास्त वर्षं ज्यांच्याशी तो एकाच भाषेत बोलत आला होता, त्यांना त्याच भाषेत सांगितलं, आणि सांगण्याची घाई केली नाही. ज्याने त्याने आपापल्या पेनाने, एकेक अक्षर भरत तो शब्द स्वतः लिहिला. ज्याला झेपत नसेल त्याला कोडं अर्धवट सोडायची मोकळीक होती. त्यानंतरही तो कोडी देत राहिला. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी तो गेला, वय ब्याण्णव.

भाचीबाई, आता तुझा गृहपाठ. तिन्ही मी केलेले आहेत, तिन्ही प्रामाणिक आहेत, एकही शब्द फुकट नाही. तिसऱ्यासाठी एक मदत: 'खग' म्हणजे पक्षी का, ते आठव.

गरीब उलटला की वाहते (२)

हात सरकारला द्यावाच लागतो (२)

सारात आभाळ पडलं, तरी हिच्याशिवाय चहा नाही (३)

फोन केलास तर उत्तर मिळणार नाही. डोकं कुठंय आणि शेपटी कुठंय, एवढंच विचारीन.